बसलीस?

१

सायकलवाल्या नवऱ्याची एक गोष्ट पूर्वी पुण्याच्या पेठांमधून सर्रास सांगितली जायची. नवरा पायडल मारत निघतो. बायको मागून धावत येऊन कॅरिअरवर बसणार असते. नवरा बोलत बोलत घरी पोचतो, वाटेत भाजीच्या दरापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यांचे वाभाडे काढून होतात, आणि दारात उतरून पाहतो तर कॅरिअर रिकामा. बायको अजून मंडईतच उभी. लोक पोट धरून हसायचे. मग ऐकणाऱ्यांतली एखादी बाई म्हणायचीच, "बायको उत्तर देत नाहीये हे त्याला घरापर्यंत कळलं नाही, यातच काय ते आलं."

श्रीनिवास भाजेकरही ही गोष्ट रंगवून सांगायचा. पुढे त्याने ती सांगायची सोडली. कोणी दुसऱ्याने सुरू केली तर तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

श्रीनिवास सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या ऐकून घ्यायच्या, असा आपला दिनक्रम आहे असं तो म्हणायचा. घर कसब्यात, तांबट आळीला लागून. माडीवरच्या दोन खोल्या, आणि खाली जिन्याच्या पोटात सायकल. त्याची बायको सरोजिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. बाई अंगाने लहानखुरी, पण जिभेने कोणाला ऐकायची नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, नातेवाइकांचे टोमणे झाले. मग एका रविवारी सरोजिनी म्हणाली, "घरात बसून एकमेकांची तोंडं काय बघायची? चला, रस्ता नेईल तिकडे जाऊ." तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं सायकलवर डबलसीट बाहेर पडायची. ज्या रस्त्याने बस जाते तो रस्ता आपला नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा, की फाटा आला की वळायचं कुठे ते मागच्याने ठरवायचं. सरोजिनी त्याच्या डाव्या नाहीतर उजव्या खांद्यावर बोटाने टिचकी मारायची आणि तो मुकाट वळायचा. मळ्यांच्या बांधावरून, वीटभट्ट्यांच्या मागून, कोणाच्या तरी गोठ्यात जाऊन संपणाऱ्या वाटांवरून दोघं हिंडली. हे रविवार नसते तर आपलं काय झालं असतं, या विचाराने श्रीनिवासला कधीकधी धडकी भरायची. सरोजिनीवाचून त्याला जगात दुसरं कोणी नव्हतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

निघताना तो पायडल मारायला लागायचा, मागे वजन पडायचं, आणि तो मागे न बघता विचारायचा, "बसलीस?"

सरोजिनीचं उत्तर ठरलेलं. "नाही, धावतेय मागून."

रोजचंच उत्तर, पण त्याला रोज हसू यायचं.

२

तो रविवार माघातला होता. कर्वेनगर तेव्हा नुकतं कुठे वसत होतं, आणि ते संपलं की पुणंही संपायचं. खडकवासल्याकडे जाणारा मोठा रस्ता सोडून कालव्याच्या बाजूने दोघं बरीच पुढे गेली, तेव्हा सरोजिनीने उजव्या खांद्यावर टिचकी मारली. उजवीकडे टेकडीच्या अंगाने एक गाडीवाट वर चढत होती. इतक्या वेळा इकडून गेलो, ही वाट आपल्याला कशी दिसली नाही, याचं श्रीनिवासला नवल वाटलं.

"दिसली नाही म्हणजे नव्हती असं नाही," सरोजिनी म्हणाली. "तुम्हाला घरातला चष्मासुद्धा दिसत नाही."

चढ आला. चढावर मागच्याने उतरायचं, हा डबलसीटचा धर्म. सरोजिनी उतरली, श्रीनिवास पायडलवर उभा राहून एकटाच वर गेला. दोन्ही बाजूंना बाभळी होत्या, वारा नव्हता. माथ्यावर पोचल्यावर तो थांबला नाही; कधीच थांबायचा नाही. सायकल हळू ठेवली की सरोजिनी गाठायची आणि चालत्या सायकलवर बसायची. तसंच झालं. कॅरिअर कुरकुरला, मागचं चाक जड झालं.

"बसलीस?"

"हं."

पुढे थोडा उतार होता. सायकल आपसूक पळत होती, ऊन पाठीवर छान लागत होतं. श्रीनिवास बोलत सुटला. त्याचा मित्र शमशुद्दीन छापखान्यात त्याच्याच टेबलावर बसायचा; त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आहेर काय करायचा, लग्नाला कोण कोण येईल, साहेब येतील का, असं बरंच काही तो बोलला. सरोजिनी प्रत्येक गोष्टीला "हं" म्हणत होती. आज बाईसाहेबांना आपलं सगळं पटतंय, या विचाराने तो मनातून सुखावला.

एक गोष्ट मात्र त्याला जरा खटकली. सरोजिनी एका अंगावर बसायची आणि एका हाताने सीटखालची स्प्रिंग धरायची. आज सीटच्या दोन्ही बाजूंनी पकड जाणवत होती.

पुढे फाटा आला. डावी वाट वारज्याकडे उतरलेली दिसत होती. उजव्या वाटेवर गुडघाभर गवत होतं आणि चाकोरीचा मागमूस नव्हता. तो टिचकीची वाट बघत होता. टिचकी आलीच नाही. त्याच्या उजव्या खांद्यावर मागून एक अख्खा तळहात येऊन टेकला आणि तिथेच राहिला.

त्याने हँडल उजवीकडे वळवलं.

"अहो! अहो, भाजेकर!"

हाक लांबून आली होती. श्रीनिवासने ब्रेक दाबले आणि पाय टेकून मागे पाहिलं. माथ्यावर, बाभळीखाली, सरोजिनी उभी होती. एका हातात तुटलेली चप्पल होती, दुसरा हात कपाळावर आडवा धरून ती त्याच्याकडे बघत होती. कॅरिअरवर कोणी नव्हतं.

३

"त्या गोष्टीतला नवरा निदान गोष्टीतला तरी होता," घरी आल्यावर सरोजिनी म्हणाली. "माझ्या नशिबी खराखुरा आला." चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती चढावरच थांबली होती, पुन्हा पुन्हा हाका मारत होती, आणि हा गृहस्थ बडबडत पुढे चालला होता. ती पदराने डोळे पुसत हसली. तोही हसला. वजन पडल्यासारखं वाटलं ते चाक दगडावरून गेलं असेल. "हं" आपल्याच मनाने ऐकलं असेल. माणूस सवयीचा गुलाम. दिवसभर मुद्रितं तपासणाऱ्याला तर हे पक्कं माहीत असतं: जे असायला हवं ते डोळे वाचतात, कागदावर ते असो वा नसो. त्याने स्वतःची अशी समजूत घातली.

तळहाताचं मात्र त्याने तिला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी शमशुद्दीन नेहमीसारखा मंगळवार पेठेच्या कोपऱ्यावर भेटला. दोघं आपापल्या सायकलवर बरोबरच येरवड्याला छापखान्यात जायची. शमशुद्दीन वयाने मोठा, तब्येतीने भारदस्त, आणि तरीही तो पुढे चालला होता.

"काय रे, सकाळी सकाळी धापा टाकतोस? काल वहिनींनी तुला खडकवासल्याचं धरण ओढायला लावलं का?"

"हवा कमी आहे मागच्या चाकात."

शमशुद्दीनने वाकून पाहिलं. "हवा आहे. टायर बसलाय तो वजनाने बसल्यासारखा." मग तो स्वतःच म्हणाला, "वजन कसलं आलंय म्हणा."

स्टेशनच्या चौकात हवालदाराने शिट्टी मारली. डबलसीट जाणाऱ्यांना धरणं हा त्याचा रोजचा उद्योग होता.

"उतरा. बाईंना पण उतरवा."

"कोणत्या बाईंना?" श्रीनिवासने विचारलं.

हवालदार जवळ आला. सायकलच्या मागे गेला, पुढे आला. रिकाम्या कॅरिअरकडे बघून त्याने टोपी मागे सारली. "आत्ता तर होत्या. लांबून दिसल्या की मला."

"हवालदारसाहेब, ऊन फार नाही अजून," शमशुद्दीन गंभीरपणे म्हणाला.

"चेष्टा करू नका. उंच होत्या चांगल्या." हवालदाराने श्रीनिवासच्या डोक्याच्या बराच वर हात धरून दाखवला. "यांच्या डोक्यावरून रस्ता बघत होत्या."

शमशुद्दीन हसला नाही. श्रीनिवासने सायकल हातात धरली आणि चौक ओलांडेपर्यंत तो चालतच गेला. बंडगार्डनच्या पुलाशी येऊन पुन्हा बसला, तेव्हा त्याच्या डाव्या खांद्यावर एक तळहात येऊन टेकला. छापखाना समोर होता. डावीकडून उलटं फिरलं की शहरातून थेट कर्वेनगरकडे जाता येतं, हे त्याला नकाशा न बघताही माहीत होतं.

४

त्या आठवड्यात श्रीनिवासचं कशात लक्ष लागेना. कामावर एका राजपत्रात त्याने सरळ सरळ चूक सोडली. घरी बसला की उठायचा, उठला की गॅलरीत जायचा, तिथून जिन्याच्या तोंडाशी जायचा आणि कान देऊन उभा राहायचा. आळीत तांबटांची ठोकठोक दिवसभर चालायची. त्या आवाजाची त्याला इतकी सवय होती की तो त्याला ऐकूच यायचा नाही. आता ठोकठोक क्षणभर थांबली की त्या फटीतून जिन्याखालून कॅरिअरची कुरकुर ऐकू यायची. कोणीतरी बसल्या बसल्या कूस बदलावी तशी. तो खाली जाऊन बघायचा. सायकल स्टँडवर जशीच्या तशी असायची.

"घुशी असतील," तो म्हणायचा.

"घुशी कॅरिअरवर बसून कुरकुरत नाहीत," सरोजिनी म्हणाली. "काय झालंय तुम्हाला? मला सांगायचं नसेल तर निदान अशा येरझाऱ्या तरी घालू नका. खालच्यांच्या छताची माती पडते."

त्याने सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, अशी त्याला भीती वाटत होती.

शनिवारी दुपारी प्रभात रोडवर सरोजिनीच्या बहिणीकडे हळदीकुंकू होतं. चालत जाऊ, असं श्रीनिवास म्हणाला. नेसलेली चांगली साडी सांभाळत एवढं कोण चालणार, असं सरोजिनी म्हणाली, आणि त्याने सायकल काढली. तो निघाला. मागे वजन पडलं.

"बसलीस?"

"हं."

त्याने खाडकन ब्रेक दाबले. सरोजिनी कॅरिअरवर बसलेली होती, हातात बहिणीकडे न्यायच्या वाणाची आणि हळदीकुंकवाची पिशवी. "काय झालं?"

"आज नुसतं हं?"

"मी अजून बोललेच नाही," सरोजिनी म्हणाली. "तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही ब्रेक दाबलात."

त्या "हं"चा आवाज मात्र तिचाच होता. भर दुपारच्या लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत त्याने सायकल घातली, कारण गर्दीत बरं वाटेल असं त्याला वाटलं. मागून सरोजिनी दोनदा म्हणाली, "अहो, मला जागाच होत नाहीये. घसरतेय मी." साडी बुळबुळीत असेल, घट्ट धर, असं तो म्हणाला. लकडी पुलावर आले. मागून बस येत होती. तिचं इंजिन त्याला ऐकू येत होतं. एकाएकी मागून सरोजिनीची किंकाळी आली आणि तिच्यापाठोपाठ ब्रेक लागल्याचा करकर आवाज.

सरोजिनी रस्त्यावर पडली होती. बसचं पुढचं चाक तिच्या पदरावर येऊन थांबलं होतं. बसचा ड्रायव्हर खाली उतरून श्रीनिवासला नाही नाही ते बोलत होता आणि श्रीनिवास तिला उठवताना लहान पोरासारखा रडत होता. तिचा डावा कोपर फुटला होता. पिशवीतलं हळदीकुंकू पुलावर सांडलं होतं.

"पडले नाही मी," ती त्याच्या कानाशी हळूच म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मला ढकललं. सरकवत सरकवत कडेला आणलं आणि ढकललं."

सायकल पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती. मागचा टायर अजूनही वजनाने बसलेला होता.

५

मग त्याने सगळं सांगितलं. शमशुद्दीन कोपराची चौकशी करायला आला होता, त्यानेही ऐकलं.

"विकून टाक ती सायकल," शमशुद्दीन म्हणाला.

"आणि जो घेईल त्याच्या बायकोनं काय करायचं?" सरोजिनी म्हणाली. तिचा हात गळ्यात बांधलेला होता, आवाज मात्र जागेवर आला होता. "तिनं लकडी पूल गाठायचा?"

शमशुद्दीनने चहाची बशी खाली ठेवली. "माझी बायको नसीम मागे बसली की मी विचारत नाही. तू विचारलंस, म्हणून ते बसलं. बोलावल्याशिवाय कोण येतं रे कोणाकडे?" तो उठला. "जिथं बसवलंस तिथं नेऊन उतरव. चढ आला की मागचा उतरतो. ते उतरलं की मागे बघू नकोस, थांबू नकोस, आणि काहीही झालं तरी विचारू नकोस."

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. श्रीनिवास एकटा निघाला तशी सरोजिनी दारात येऊन उभी राहिली. "मी येणार. तिथे तुम्ही एकटे जायचं नाही."

"तू घरातून हलायचं नाही. दाराला आतून कडी लाव."

"रस्ता कोण दाखवणार तुम्हाला? चष्मा तर—"

"सरोज, गप्प बस!" तो ओरडला. इतक्या वर्षांत तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता. ती गप्प बसली, आणि तिचं ते गप्प बसणं त्याला जिना उतरताना पाठीत टोचत राहिलं.

जिन्याखालून काढताना सायकल हलकी वाटली. आळीत ठोकठोक नव्हती. रविवारी तांबट उशिरा बसायचे. कोपऱ्यावर बायडाबाई भाजीची पाटी मांडत होती. तिला ओलांडून त्याने टांग मारली आणि दोन पायडल मारली न मारली तोच मागे वजन पडलं. त्याने दात आवळले. विचारलं नाही, बघितलंही नाही. बायडाबाई काहीतरी म्हणाली तेही त्याने कानाआड केलं.

ते आज शहाण्यासारखं बसलं होतं. लक्ष्मी रस्ता गेला, लकडी पूल गेला, कर्वे रस्ता गेला, तरी तळहात टेकला नाही. सीटखालची एकच स्प्रिंग तेवढी कुरकुरत होती. आपण कुठे नेतोय ते त्याला कळलंय, म्हणून खूश असेल, असं श्रीनिवासला वाटलं. एकदा मागून कोणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज झाला. त्याने पायडलचा वेग वाढवला. कालव्याच्या पुढे त्याच्या उजव्या खांद्याला हलकंच काहीतरी लागलं, पण वळायचं कुठे ते त्याला ठाऊकच होतं.

चढ लागला. बाभळी तशाच होत्या, वारा तसाच नव्हता. सायकल मंदावली, आणि मग, ज्याची तो सकाळपासून वाट बघत होता ते झालं. कॅरिअर कुरकुरला, मागचं चाक हलकं झालं. धुळीत पाय टेकल्याचा आवाज आला.

श्रीनिवास पायडलवर उभा राहिला आणि जिवाच्या आकांताने वर निघाला.

"अहो," मागून हाक आली. सरोजिनीचा हुबेहूब आवाज. "अहो, हळू. मला येऊ तर द्या."

माथा आला. तो थांबला नाही.

"अहो थांबा ना! अहो! मला सोडून कुठे चाललात?"

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तो आवाज तिचा होता, त्यात तिची घाबरलेली धाप होती. पण "हं" सुद्धा तिच्याच आवाजात आला होता. फाट्याला त्याने हँडल डावीकडे मारलं आणि वारज्याच्या उतारावर सायकल सोडून दिली. हाका लांब गेल्या. मग थांबल्या.

६

इतकी हलकी सायकल त्याने कित्येक दिवसांत चालवली नव्हती. वारज्याहून तो मोठ्या रस्त्याने, बसच्या रस्त्याने, शीळ घालत घरी आला. मंडईत थांबून त्याने अबोलीचा गजरा घेतला. ओरडल्याबद्दल माफी मागायची होती.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

तो खाली आला. बायडाबाईची पाटी रिकामी होत आली होती.

"बायडाबाई, आमची मंडळी कुठे गेली, काही बोलली का?"

बायडाबाईने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "आवं, तुमच्याच मागं बसून गेल्या न्हवं का? हात गळ्यात, तरी धावत येऊन बसल्या. म्या म्हनलं बी, वैनी, पडशीला. त्यांनी मला तोंडावर बोट ठिवून गप केलं." तिने श्रीनिवासच्या मागे, रिकाम्या कॅरिअरकडे पाहिलं. "कुठं हायत त्या?"

एका हाताने धरलेली एकच स्प्रिंग. खांद्यावरची हलकी टिचकी. हुंदका. बोलली असती तर आपण तिला वाटेतच उतरवलं असतं, हे तिला ठाऊक होतं. चढ आला आणि ती उतरली, दर रविवारी उतरायची तशी. श्रीनिवासला हे सगळं एकदम कळलं. त्याने तिथल्या तिथे सायकल उलटी फिरवली.

परत जाताना रस्त्याने कोण भेटलं, कोणी शिव्या दिल्या, त्याला काही समजलं नाही. तो मोठ्याने बोलत होता. तिला सांगत होता की मी येतोय, तिथेच थांब, कुठल्या वाटेला जाऊ नकोस. ऊन कलायला लागलं होतं. चढावर उतरून त्याने सायकल ढकलत पळवली. छाती फुटायला आली होती.

माथ्यावर कोणी नव्हतं. मग त्याला ती दिसली. फाट्याच्या पलीकडे, उजव्या वाटेच्या तोंडाशी, गुडघाभर गवतातून ती बाहेर येत होती. हात गळ्यात, केस सुटलेले, पाय अनवाणी. त्याला बघून ती धावायला लागली. मोकळ्या हाताने ती खुणा करत होती. सायकल वळवा, वळवा सायकल. धावताना ती सारखी मागे गवताकडे बघत होती, मग बघेनाशी झाली. तिची नजर श्रीनिवासच्या जरा मागे कुठेतरी खिळली आणि तिचं तोंड उघडं राहिलं. पण श्रीनिवासला तेवढं बघायला सवड नव्हती. ती जिवंत होती, एवढंच त्याला दिसलं.

"लवकर! धाव, सरोज!" तो ओरडला. त्याने सायकल घराच्या दिशेने फिरवली, सीटवर बसला, एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. पाठीमागे तिची पावलं वाजत होती. पुढे उतार होता. आता आयुष्यात पुन्हा या वाटेला यायचं नाही. गजरा खिशातच राहिला होता. उतरल्यावर द्यायचा होता.

कॅरिअर कुरकुरला. मागचं चाक जड झालं.

श्रीनिवासने पाय उचलला आणि पायडल मारलं. सुटकेने त्याला रडू फुटलं, आणि इतक्या रविवारांची जिभेला लागलेली सवय त्याच्याही आधी बोलून गेली.

"बसलीस?"

उत्तर लगेच आलं नाही. उतार सुरू झाला. सूर्य पाठीशी होता, आणि समोरच्या धुळीत त्याची सावली पसरली होती. त्या सावलीच्या डोक्यावर आणखी एक डोकं होतं, फार उंचावर, वाकून पुढचा रस्ता बघणारं. सीटच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा आवळल्या गेल्या.

"हं."

त्याने दोन्ही ब्रेक मुठी पांढऱ्या होईपर्यंत दाबले. सायकल थांबली नाही. आणि मागून, लांबून, आणखी आणखी लांब जाणारा, धाप लागलेला आवाज ऐकू येत राहिला.

"नाही हो... नाही... धावतेय... मागून धावतेय मी..."